जीबी राहू द्या, स्लॉट किती ते सांगा

दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांची पानं लॅपटॉपच्या जाहिरातींनी भरू लागली की माझ्या भाच्याचा फोन ठरलेला. "आत्या, सोळा जीबी रॅम, पाचशे बारा एसएसडी, बरा पडतोय. घेऊन टाकू?" मी एकच विचारते, "रॅम काढता-घालता येते का?" तो फोन दुकानदाराकडे देतो. दुकानदार भला माणूस. आवाजात होईल तेवढी नम्रता आणून म्हणतो, "मॅडम, पण काढायची कशाला?"

नोकरीची सगळी वर्षं मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. यंत्राचा तांत्रिक तपशील, पोरं ज्याला 'स्पेक्स' म्हणतात तो, वाचायला शिकवणं हा त्यातला माझा आवडता भाग. त्यामुळे माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हल्ली संगणकाच्या खोक्यावर निम्मेच स्पेक्स छापलेले असतात. वेग किती, साठवण किती, पडदा केवढा, हे मोठ्या अक्षरांत. बिघडला तर उघडेल का, आतलं काय बदलता येईल, सुटा भाग कुठे मिळेल, सर्किटचा नकाशा कुणाला पाहता येईल, याबद्दल अवाक्षर नाही. घरचा लॅपटॉप ज्याने त्याने आपल्या मर्जीने घ्यावा. पण जनतेच्या पैशातून शाळा-कॉलेजांसाठी यंत्रं घेतली जातात तेव्हा हा उरलेला निम्मा भाग लेखी मागितलाच पाहिजे.

पूर्ण स्पेक्स कसे असतात ते दाखवायला मी वर्गात नेहमी एकच यंत्र घेत असे: आयबीएम पीसी, मॉडेल ५१५०. १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते जाहीर झालं. आज आपण ज्याला 'पीसी' म्हणतो त्या सगळ्या गोतावळ्याचा हा मूळपुरुष. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. मेमरी १६ केबी, मदरबोर्डवरच ६४ केबीपर्यंत वाढवता येणारी. रॉम ४० केबी, त्यातली ३२ केबी नुसत्या बेसिक भाषेने खाल्लेली. कार्डं बसवायला पाच स्लॉट. ६३.५ वॉटचा पॉवर सप्लाय. ८३ कळांचा कीबोर्ड. मागच्या बाजूला चक्क कॅसेट प्लेअर जोडायची सोय, कारण फ्लॉपी ड्राइव्ह सगळ्यांना परवडेल याची खात्री नव्हती. किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे, आणि त्या किमतीत ना मॉनिटर, ना फ्लॉपी.

आज हे वाचून हसू येतं, ते साहजिक आहे. ८०८८ मध्ये सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर होते. २०२० साली आलेल्या ॲपलच्या एम१ चिपमध्ये १,६०० कोटी आहेत. या तुलनेतून काही निष्पन्न होत नाही, माणूस चकित होतो एवढंच. मला रस आहे तो त्या जुन्या आकड्यांच्या एका गुणात. त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे विचारता येत होतं, आणि उत्तर मिळत होतं.

४.७७ चंच बघा. हुशार पोरं हमखास विचारत, "मॅडम, ८०८८ तर ५ मेगाहर्ट्झला चालते, मग पाच का नाही? ४.७७ हा कसला आकडा?" उत्तर मदरबोर्डवरच्या क्रिस्टलमध्ये होतं. तो १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा. त्याला ३ ने भागा, ४.७७ येतात, तो प्रोसेसरचा ठोका. ४ ने भागा, ३.५८ येतात, आणि ही अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीची रंगलहरीची वारंवारता, १९५३ च्या प्रमाणकात पक्की झालेली. हा संगणक घरच्या टीव्हीला जोडून रंगीत चित्र दाखवता यावं, आणि त्यासाठी वेगळा क्रिस्टल लागू नये, म्हणून इंजिनिअरांनी एकाच क्रिस्टलवर दोन्ही कामं उरकली. प्रोसेसरचा थोडा वेग गेला, पण एक भाग वाचला. याच क्रिस्टलला १२ ने भागून आलेली १.१९ मेगाहर्ट्झ टायमर चिपला दिली. ती ६५,५३६ पर्यंत मोजते आणि मग प्रोसेसरला हाक मारते. भागाकार करा: सेकंदाला १८.२ हाका. डॉस या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टीममधलं घड्याळ या १८.२ वर चालत असे.

हे गणित फळ्यावर करायचं आणि मग सीआरओचा, म्हणजे तारेतली लहर पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा, प्रोब पिनला लावून तेच बघायचं. कागदावरचा आकडा आणि तारेतला आकडा एक निघाला की पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्यासाठी मी मास्तरकी केली. गंमत अशी की आपल्याकडे टीव्ही पॅल पद्धतीचा, त्याची रंगलहर ४.४३ ची. म्हणजे ज्या कारणासाठी तो क्रिस्टल निवडला गेला ते कारण भारतात लागूच नव्हतं. तरीही आपल्याकडच्या प्रत्येक नकली पीसीत तोच १४.३१८१८ चा क्रिस्टल असायचा. सगळं सॉफ्टवेअर त्या १८.२ वर विसंबून लिहिलं गेलं होतं, बदलणार कोण? पुढे आठ-दहा मेगाहर्ट्झची यंत्रं आली तेव्हा त्यांना 'टर्बो' बटण आलं. नाव टर्बो, पण लोक त्याचा उपयोग यंत्र हळू करायला करत, कारण जुने गेम ४.७७ च्या मापाने लिहिलेले आणि वेगवान यंत्रावर ते खेळताच येत नसत.

मेमरीची गोष्टही तशीच. १६ केबी म्हणजे एका ओळीत नऊ चिपा. आठ चिपा बाइटच्या आठ बिटांसाठी आणि नववी राखणदार, म्हणजे पॅरिटीची. बाकीच्या आठांत काही बदललं तर ती बोंब मारते. अशा चार रांगांची जागा. पहिली रांग सोल्डर केलेली, उरलेल्या तीन रांगांत सॉकेट. यंत्र सुरू होताना मेमरी तपासली जाई आणि काही बिनसलं तर पडद्यावर २०१ हा आकडा येई, त्याच्याआधी चार आकडी खूण. खुणेतले पहिले दोन आकडे कोणती रांग ते सांगत, नंतरचे दोन त्या रांगेतली कोणती चिप ते. एक चिप काढायची, दुसरी बसवायची. चार दशकांपूर्वीचं यंत्र स्वतःच्या आजाराचं ठिकाण बोट ठेवून सांगत होतं. आज माझ्या टेबलावरचा लॅपटॉप बिघडला की 'काहीतरी चुकलं आहे' एवढंच म्हणतो आणि एक उदास चेहरा दाखवतो.

आमच्या प्रयोगशाळेत अर्थातच खरा ५१५० कधी नव्हता. आयबीएम १९७८ सालीच भारतातून बाहेर पडली होती. आमच्याकडे आली ती एक्सटीची, म्हणजे ५१५० च्या पुढच्या मॉडेलची, नक्कल: आठ स्लॉट, ६४० केबी, सीगेटची २० एमबीची हार्ड डिस्क. तिला वेगळी खोली, खोलीला एसी, दाराशी चपला काढायच्या. प्राचार्यांच्या केबिनला नव्हता तो एसी या यंत्राला होता. संध्याकाळी बंद करण्याआधी डिस्कचं हेड 'पार्क' करायची आज्ञा द्यावी लागे. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, कुणी ते विसरलं की घरी जाऊ देत नसत. पावसाळ्यानंतर यंत्र सुरू होईना झालं की पहिला उपाय ठरलेला. कॅबिनेट उघडायचं आणि सॉकेटमधल्या चिपा अंगठ्याने एकेक करून दाबायच्या. तापणं-थंडावणं यामुळे त्या हळूहळू वर सरकतात. दुसरा उपाय, कार्ड काढून त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा. हे दोन उपाय महाराष्ट्रातल्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याला ठाऊक आहेत आणि त्यांनी किती कार्यालयांचं काम सुरू राहिलं याची कुठे नोंद नाही.

आमच्या हातात यंत्राबरोबर आणखी एक गोष्ट होती. आयबीएमने ५१५० बरोबर 'टेक्निकल रेफरन्स' नावाचं जाडजूड पुस्तक विकायला काढलं होतं. त्यात मदरबोर्डच्या सर्किटचा संपूर्ण नकाशा होता. स्लॉटच्या ६२ पिनांपैकी कुठल्या पिनवर काय येतं-जातं ते होतं. आणि बायोसचा, म्हणजे यंत्र जागं होताना पहिल्यांदा चालणाऱ्या प्रोग्रामचा, ओळ न् ओळ मजकूर होता. त्या पुस्तकाची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग केलेली, आमच्या कपाटात होती. कुणीतरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, कितव्या पिढीची प्रत होती देव जाणे. अक्षरं पुसट झालेली, पण वाचता येत होती.

आयबीएमने हे औदार्याने केलं असं मी म्हणणार नाही. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली एक छोटी तुकडी साधारण वर्षभराच्या मुदतीत हे यंत्र उभं करत होती. स्वतःच्या चिपा घडवायला वेळ नव्हता, म्हणून बाजारात मिळतील त्या घेतल्या. कार्डं दुसऱ्यांनी बनवावीत, प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहावेत, म्हणजे यंत्र खपेल, म्हणून नकाशा छापला. बायोस मात्र कॉपीराइटखाली आपल्याकडेच राहील असा हिशेब होता. तो चुकला. टेक्सासच्या कॉम्पॅक कंपनीने एका गटाकडून बायोस काय काय करतो याचं वर्णन लिहून घेतलं आणि मूळ मजकूर कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाकडून तसाच वागणारा नवा बायोस लिहवून घेतला. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांचं यंत्र जाहीर झालं. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असा बायोस कुणालाही विकू लागली. मग तैवानपासून दिल्लीपर्यंत जो तो पीसी जोडायला लागला. आपल्याकडे १९८४ च्या नोव्हेंबरात नवं संगणक धोरण आलं, आयात सुकर झाली आणि 'असेंबल्ड' या शब्दाला मराठी घरांत नागरिकत्व मिळालं.

हे सगळं अमेरिकेतल्या व्यापाराचं झालं. मराठी वाचकाने त्याच्याशी काय देणंघेणं ठेवावं? इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते ५१५० च्या स्पेक्समधली सर्वांत महत्त्वाची ओळ 'स्लॉट: पाच' ही आहे आणि तिचा आपल्या लिपीशी थेट संबंध आहे.

त्या काळच्या पीसीच्या पडद्यावर अक्षर कसं उमटे ते पाहू. पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी. प्रत्येक खान्यासाठी व्हिडिओ कार्डाच्या मेमरीत दोन बाइट: एकात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात त्याचा रंग-ढंग. क्रमांकावरून कार्डावरची रॉम त्या अक्षराचं ठिपक्यांचं चित्र उचलते. चित्रं एकंदर २५६, सगळी एकाच मापाची. त्यांत इंग्रजी अक्षरं, काही युरोपी अक्षरं, चौकटीच्या रेघा, पत्त्यातला बदाम आणि चौकटसुद्धा. देवनागरीला जागा नाही. आणि द्यायची म्हटली तरी २५६ सारख्या खान्यांत ती मावणार कशी? पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, मात्रा डोक्यावर बसतात, रफार पुढच्या अक्षरावर चढतो, 'स्त्री' आणि 'द्ध' यांची रुंदी वेगळी. मूळ यंत्राच्या दृष्टीने मराठी ही अशक्य गोष्ट होती.

ती शक्य झाली ती एका स्लॉटमुळे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं 'जिस्ट' नावाचं तंत्रज्ञान होतं, मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली घडलेलं. त्याचं एक कार्ड पीसीच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसे. डॉसमधला प्रोग्राम आपल्या नेहमीच्या पद्धतीने अक्षरांचे क्रमांक पडद्याकडे पाठवी. कार्ड ते मधल्यामध्ये पकडी, जोडाक्षरं जुळवी, मात्रा जागच्या जागी लावी आणि पडद्यावर देवनागरी उमटे. डीबेस किंवा वर्डस्टार या प्रोग्रामांना आपण मराठी हाताळतोय याचा पत्ताही नसे. ते अमेरिकेत लिहिले गेले तेव्हा कुणाच्या स्वप्नातही 'ळ' आला नव्हता, आणि तरी त्यांच्यातून सातबाऱ्यासारखा मजकूर टाइप करता येऊ लागला.

यासाठी आयबीएमची परवानगी लागली नाही. मायक्रोसॉफ्टला अर्ज करावा लागला नाही. स्लॉट उघडा होता, पिनांचे अर्थ छापलेले होते, आणि पुण्यातल्या इंजिनिअरांना आपल्या अक्षरांचा प्रश्न आपल्या टेबलावर सोडवता आला. या कामातून पुढे आलेली इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली आहे. तुम्ही आज सकाळी मोबाइलवरून जो मराठी निरोप पाठवलात, त्यातल्या अक्षरांच्या क्रमाची वंशावळ तपासली तर ती या कार्डवाल्या दिवसांपर्यंत जाते. मराठी संगणकावर कशी आली याची चर्चा आपण फॉन्ट आणि कीबोर्ड यांवरच थांबवतो. त्याआधी एका खोक्यात रिकामी जागा होती आणि ती वापरायची मुभा होती, हे कुणी सांगत नाही.

५१५० ची आरती ओवाळायचा माझा बेत नाही. दोष भरपूर होते. प्रोसेसर आतून १६ बिटांचा, पण बाहेरची वाट ८ बिटांची, म्हणजे खर्च वाचवायला चिंचोळा रस्ता. ६३.५ वॉटचा पॉवर सप्लाय हार्ड डिस्क जोडली की माना टाके, म्हणून १९८३ च्या एक्सटीत तो १३० वॉटचा करावा लागला. वीस पत्ता-तारांमुळे मेमरीची कमाल मर्यादा एक एमबी, त्यातली ३८४ केबी यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवलेली, प्रोग्रामांना उरली ६४० केबी. त्या ६४० च्या भिंतीला पुढची दहा-बारा वर्षं जगभरच्या प्रोग्रामरांनी डोकं आपटलं. यंत्राला काय जोडलंय ते त्याला स्वतःला कळत नसे. मदरबोर्डवरचे इवलेसे डिप स्विच पेनाच्या टोकाने वर-खाली करून सांगावं लागे. हे सगळं गेलं ते बरंच झालं.

पण उघडेपणाही त्याबरोबर जावा, असा काही नियम नव्हता. १९८७ च्या एप्रिलमध्ये आयबीएमनेच तो प्रयत्न केला. पीएस/२ ही नवी यंत्रं आली, त्यांत 'मायक्रो चॅनेल' नावाचे नवे स्लॉट. तांत्रिकदृष्ट्या ते जुन्यापेक्षा खरोखर सरस होते. अट एवढीच की त्यासाठी कार्ड किंवा यंत्र बनवायचं तर आयबीएमचा परवाना घ्यायचा आणि पैसे मोजायचे. कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या, त्यांनी जुन्या स्लॉटशी जुळणारा आपला पर्याय काढला, आणि बाजाराने मायक्रो चॅनेलकडे पाठ फिरवली. सरस पण बंद अशा वस्तूला गिऱ्हाइकाने नकार दिल्याचं हे उदाहरण मी दरवर्षी सांगत असे. एस्ट्रिज तोवर हयात नव्हते. १९८५ मध्ये डॅलसच्या विमान अपघातात ते गेले. २००५ मध्ये आयबीएमने आपला पीसीचा धंदाच लेनोव्होला विकून टाकला.

आता आजच्या लॅपटॉपकडे या. मेमरी मदरबोर्डला सोल्डर केलेली, किंवा थेट प्रोसेसरच्याच पुडक्यात. विद्यार्थी म्हणतील, मॅडम, यालाही कारणं आहेत. आहेत, आणि मी ती शिकवलीही आहेत. चिप प्रोसेसरच्या जितकी जवळ, वाट जितकी आखूड, तितका वेग जास्त आणि बॅटरी कमी खर्च. यंत्र पातळ होतं, हलकं होतं. पण 'म्हणून सोल्डर करण्यावाचून गत्यंतर नाही' हे मला पटत नाही. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ हे नवं मानक प्रसिद्ध केलं. त्यात मेमरीचा पातळ तुकडा स्क्रूने मदरबोर्डला चिकटून बसतो, वाट आखूड राहते, आणि स्क्रू काढला की तुकडाही निघतो. म्हणजे इंजिनिअरांनी उत्तर काढलेलं आहे. ते वापरायचं की नाही हा हिशेबनीसाचा निर्णय आहे. आठ जीबीचं यंत्र चार वर्षांनी अपुरं पडलं आणि मेमरी वाढवता येत नसेल, तर गिऱ्हाईक नवं यंत्र घ्यायला परत येतं, हे हिशेबनीसाला छान कळतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं दुकान चालवते. चिप लेव्हलचं काम करते, म्हणजे बोर्ड बदला असं न सांगता बोर्डावरचा गेलेला भाग शोधून तो बदलते. हात इतका सफाईदार की भिंगाखाली तिचं काम पाहत बसावं. ती सांगत होती, "मॅडम, काम अवघड नाही, नकाशा मिळणं अवघड आहे." चार्जिंगचा एक आयसी गेलेला असतो. त्याच्या आजूबाजूला काय जोडलंय हे कळलं तर अर्ध्या तासाचं काम. पण तो नकाशा निर्माता देत नाही. मग तो कुठल्या तरी आडमार्गाने, कुठल्या तरी ग्रुपवरून, कुणाला तरी पैसे देऊन मिळवायचा. आमची पुसट झेरॉक्स निदान आयबीएमने स्वतः छापून विकलेल्या पुस्तकाची होती. हिला मात्र प्रामाणिक दुरुस्तीसाठी चोरवाट धरावी लागते. अधिकृत केंद्रात तोच लॅपटॉप गेला तर आख्खा मदरबोर्ड बदलायचा अंदाज मिळतो, आणि तो ऐकून गिऱ्हाईक नवा लॅपटॉप बघायला लागतं.

सॉफ्टवेअरची बाजूही तशीच. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेली, धडधाकट चालणारी यंत्रं एका तारखेला कागदोपत्री म्हातारी झाली. कितीतरी सरकारी कार्यालयांत आणि शाळांत याच वयाची यंत्रं आहेत. त्यांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण निर्लेखन समितीवर मी बसलेली आहे. यादी येते, 'कालबाह्य' असा शेरा येतो, सह्या होतात, भंगारवाल्याचा टेम्पो येतो. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना मेमरीची एक पट्टी, एक एसएसडी आणि लिनक्स एवढं पुरलं असतं. पण दुरुस्तीच्या खर्चाला मंजुरी मिळवण्यापेक्षा नव्या खरेदीला मंजुरी मिळवणं सोपं, ही आपल्या कारभाराची जुनी रीत.

सरकारला हा प्रश्न कळत नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती असणं आणि खरेदीच्या क्षणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ती असणं यात अंतर आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापणं सक्तीचं केलं: उघडायला किती सोपा, कागदपत्रं मिळतात का, सुटे भाग मिळतात का आणि कितीला. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला एवढं पुरतं. त्याला सर्किट कळायची गरज नाही.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या हातात निविदा आहे. सरकार हे देशातलं मोठं गिऱ्हाईक. एका जिल्हा परिषदेने शेकडो यंत्रांच्या निविदेत एखादी अट घातली, तर कंपन्या ती पाळणारं मॉडेल दुसऱ्या दिवशी घेऊन येतात, हे विक्रीवाल्यांशी बोलणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आज या निविदांच्या तांत्रिक तपशिलात प्रोसेसरची पिढी, मेमरी, साठवण, पडद्याचे इंच, वॉरंटीची वर्षं हे सगळं काटेकोर लिहिलेलं असतं. त्याच रकान्यांखाली आणखी थोडं लिहावं. मेमरी आणि डिस्क साध्या स्क्रू-ड्रायव्हरने बदलता आली पाहिजे. मेमरीचा निदान एक स्लॉट रिकामा असला पाहिजे. बॅटरी चिकटवलेली नसावी. सर्व्हिस मॅन्युअल सर्वांना खुलं असावं आणि मदरबोर्डचा नकाशा निदान खरेदीदार संस्थेला मिळावा. सुटे भाग सात वर्षं मिळतील अशी लेखी हमी असावी. यातल्या एकाही अटीने यंत्र शाळा-कॉलेजाच्या कामाला अपुरं पडत नाही.

तंत्रनिकेतनं आणि आयटीआय यांच्या प्राचार्यांना वेगळी विनंती आहे. पुढच्या निर्लेखनाच्या यादीत एखादा जुना एक्सटी, ३८६ किंवा ४८६ असेल, तर त्यातला एक तरी बाजूला काढून प्रयोगशाळेत ठेवा. संग्रहालयातल्यासारखा काचेआड नको, टेबलावर, कॅबिनेट उघडं, शेजारी सीआरओ. आजच्या प्रोसेसरचा ठोका पोरांना कुठल्याही पिनवर पकडता येणार नाही. या जुन्या यंत्रावर तो येतो, एका दुपारी क्रिस्टलपासून घड्याळापर्यंतचा सगळा प्रवास बोटाने दाखवता येतो. आमच्या प्रयोगशाळेतला तो एक्सटी अशाच एका यादीतून मी खोडून घेतला होता. मामांनी तो कापडी झाकणासह कपाटामागे नेऊन ठेवला आणि समितीपुढे चकार शब्द काढला नाही. निवृत्त होईपर्यंत मी त्याच्यावरच शिकवलं.

आणि निविदा समितीवर बसणाऱ्यांनो, विक्रेता सादरीकरणाला येईल तेव्हा त्याला चित्रफीत दाखवू देऊ नका. त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्या आणि तुमच्यासमोर यंत्र उघडून मेमरीची पट्टी काढून दाखवायला सांगा. त्याला ते जमलं नाही, तर पुढच्या विक्रेत्याला बोलवा.